फिटची वही

आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाखाली खिळ्याला एक लांब वही टांगलेली असते. कचेरीत आवक-जावक लिहायला वापरतात तशी, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. येणारा-जाणारा विचारतो, "कसली हो ही वही? भिशीची का?" भिशीची नाही. ती आमच्या धाकट्या मुलाच्या फिटची वही आहे. तिच्यात आम्ही काय लिहितो, आणि ती नीट लिहिण्याची अक्कल आम्हाला किती उशिरा आली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. एक कचेरीत कारकून, बी.कॉम. झालेला, संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या कामांत असणारा. दुसरी घरी शिलाई मशीन चालवणारी. मूल दोघांचे आहे, त्याचे करणे दोघांचे आहे आणि झालेल्या चुकाही दोघांच्या आहेत. म्हणून या लेखात 'मी' येणार नाही.

आमच्या मुलाचा जन्म २०१४ च्या पावसाळ्यातला. जन्मल्यावर तो रडला नाही. बाळंतपणाची वेळ लांबली होती आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला. १९ दिवस तो काचेच्या पेटीत होता. दुसऱ्याच दिवशी त्याला पहिली फिट आली. पुढे कळले की त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे हातापायांवर, मानेवर नीट ताबा न राहणे. अशा मुलांपैकी तिघांतल्या एकाला तरी पुढे फिटचा आजार, म्हणजे अपस्मार, होतो. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितले असेलही, पण त्या दिवसांत कानावर पडलेले डोक्यात शिरत नव्हते.

मूल सहा महिन्यांचे झाले आणि एक नवीच गोष्ट सुरू झाली. सकाळी झोपेतून उठले की त्याची मान पुढे झुकायची, दोन्ही हात एकदम वर उडायचे, अंग क्षणभर ताठ व्हायचे आणि पुन्हा सैल पडायचे. असे एकामागून एक दहा-पंधरा वेळा. शेजारच्या बाया हसून म्हणायच्या, "बघा, बाळ सगळ्यांना नमस्कार करतंय." आम्हीही हसलो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण हसलो हे खरे आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी पोटात वायू धरतोय म्हणून थेंब दिले. कुणी म्हणाले दचकतंय, कुणी म्हणाले दृष्ट लागली. यात दीड-दोन महिने गेले.

शेवटी २०१५ मध्ये आम्ही मोबाइलवर त्याचे चित्रण केले आणि मोठ्या रुग्णालयात नेऊन दाखवले. तिथल्या डॉक्टरबाईंनी ते दोनदा पाहिले आणि विचारले, "हे केव्हापासून?" आमच्यातला एक म्हणाला महिना झाला, दुसरी म्हणाली दोन महिने. "दिवसातून किती वेळा?" एक म्हणाला दोनदा, दुसरी म्हणाली पाच वेळा. बाईंनी पेन खाली ठेवले. कचेरीत एका रुपयाचा फरक लागला तर संध्याकाळी घरी न जाणारा माणूस स्वतःच्या मुलाचा हिशेब सांगू शकत नव्हता.

त्याच दिवशी डोक्याला तारा लावून ईईजी काढला. आजाराचे नाव निघाले वेस्ट सिंड्रोम. बाळांना पहिल्या वर्षात येणारी ही वेगळ्या प्रकारची फिट. दिसायला साधी, पण मेंदूची वाढ रोखणारी. इलाज जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. बाईंनी स्टेरॉइडचे औषध सुरू केले आणि सांगितले, "तुमच्यासारख्याच एका बापाने हा आजार जगाला दाखवला."

ती हकिकत अशी. विल्यम जेम्स वेस्ट नावाचा इंग्लंडमधला एक डॉक्टर होता. त्याच्या स्वतःच्या मुलाला चौथ्या महिन्यापासून असेच झटके येऊ लागले. त्याने ते मोजले. एका वेळी दहा ते वीस किंवा जास्त झटके, दोन-तीन मिनिटे चालणारे, दिवसातून दोन-तीनदा किंवा अधिक. १८४१ साली त्याने हे सगळे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवले आणि इतर डॉक्टरांकडे मदत मागितली. जवळ गुण देणारे औषध नव्हते, यंत्र नव्हते. हाताशी उरले ते बघणे आणि लिहिणे. त्या झटक्यांना तेव्हा 'सलाम' करण्याची उपमा दिली गेली. आमच्या शेजारणींनी 'नमस्कार' म्हटले तेच. फरक एवढाच की त्या बापाने हसण्यावारी नेले नाही.

त्या दिवसापासून आम्ही वही घातली. औषधाने दोन आठवड्यांत झटके थांबले. झटके थांबले तशी वहीही तीन महिन्यांत थांबली. माणसाचा स्वभावच असा. आग विझली की बादली अडगळीत जाते.

तिसऱ्या वर्षी फिट पुन्हा आल्या, या वेळी मोठ्या माणसांना येतात तशा. अंग ताठ होणे, हातपाय झडणे, तोंडाला फेस. सोडियम व्हॅल्प्रोएटचे सिरप आणि लेव्हेटिरासिटाम अशी दोन औषधे सुरू झाली. ती लागू पडली. तोवर मूल मान धरू लागले होते. आधार देऊन बसवले की उजव्या हातात चमचा धरायचे. भरवलेला नाही, नुसता चमचा. तो ताटावर आपटून हसायचे. आमच्या घरात तो आवाज म्हणजे सण होता.

मग २०१९ चा जानेवारी आला. वस्तीत आरोग्य शिबिर ठरले होते. डॉक्टर आणणे, मंडप, पत्रके, नावे लिहून घेणे, सगळी धावपळ आमच्यातला कारकून करत होता. घरी सिरपची बाटली तळाला आली होती. शुक्रवारी सकाळी घरातून सांगणे झाले, "येताना बाटली आणा." संध्याकाळी बैठक लांबली, औषधाचे दुकान बंद झाले. रात्रीचा डोस चुकला. शनिवारी सकाळी मंडपवाला आला आणि तो डोसही चुकला. "दोन वेळेनं काय होतंय, संध्याकाळी आणू," असे आम्ही दोघेही म्हणालो. शनिवारी रात्री मुलाला फिट आली आणि ती थांबेचना.

घरात नाकातून द्यायचे तातडीचे औषध नव्हते. रिक्षा शोधण्यात वेळ गेला. रुग्णालयात पोचून इंजेक्शन देईपर्यंत चाळीस मिनिटे झाली होती. पुढचे सहा दिवस तो अतिदक्षता विभागात होता, त्यातले तीन दिवस कृत्रिम श्वासावर. रविवारी वस्तीत शिबिर उत्तम झाले म्हणे. लोकांनी निरोप पाठवला की तुमचे आभार मानले. तो निरोप आम्ही रुग्णालयाच्या जिन्यात ऐकला.

मूल घरी आले, पण मान पुन्हा पडलेली होती. चमचा बोटांत ठरेना. तो चमचा हातात परत यायला आठ महिने लागले.

फिटचे औषध एकाएकी थांबले तर आधीपेक्षा भयंकर, न थांबणारी फिट येऊ शकते. दुसऱ्यांना हे सांगायला आम्ही सभा घेत होतो आणि आमच्याच घरात बाटली रिकामी होती. आम्हाला दोष द्यायला कुणी बाबा-बुवा नव्हता, भगत नव्हता. आजीने मुलाच्या उशाखाली एक गंडा ठेवला होता. तो आम्ही आधीच काढून टाकला होता आणि तिला दोन शब्द सुनावलेही होते. त्या गंड्याने मुलाचे काही बिघडले नव्हते. बिघडले ते आमच्या हयगयीने. त्यानंतर आजीशी आम्ही वेगळ्या आवाजात बोलू लागलो.

रुग्णालयातून आल्यावर आम्ही नवी वही आणली आणि या वेळी ती कारकुनी शिस्तीने आखली. रकाने असे: तारीख, फिट सुरू झाल्याची वेळ, किती मिनिटे-सेकंद, सुरुवात कुठून झाली (डोळे, हात, कोणती बाजू), ताप, झोप, शौच, औषध वेळेवर दिले का, उलटी झाली का. महिन्याला एकदा वजन. कारण वजन वाढले की औषधाची मात्रा बदलावी लागते.

चार महिन्यांनी डॉक्टरबाईंपुढे वही ठेवली तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. एक, बहुतेक फिट पहाटे चार ते सहाच्या दरम्यान होत्या. बाईंनी रात्रीचा डोस आठऐवजी दहाला केला आणि रात्रीसाठी क्लोबॅझामची छोटी गोळी वाढवली. पहाटेच्या फिट निम्म्यावर आल्या. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. आम्ही फिट म्हणून लिहिलेल्या बऱ्याच नोंदी फिट नव्हत्याच. चित्रण बघून बाईंनी समजावले की अशा मुलांचे अंग ताठरपणामुळेही ओढले जाते, पोटातले अन्न वर आले तरी मूल कमान होते, मोठ्या आवाजाने दचकते. हाक मारली किंवा हात धरला की थांबते ते बहुधा फिट नसते. त्यामुळे एक औषध वाढायचे वाचले. ही औषधे फुकटची नसतात. पैशाने नव्हे, अंगाने म्हणतो आम्ही. झोप वाढते, भूक जाते, मूल मंद होते. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या मुलाचे यकृत रक्त तपासून पाहावे लागते.

औषधाच्या साठ्यासाठी आम्हाला बी.कॉम.चे पुस्तक कामी आले. कारखान्यात माल संपल्यावर मागवत नाहीत. ठरावीक पातळीला आला की मागवतात, तिला री-ऑर्डर लेव्हल म्हणतात. आमच्या घरची पातळी दहा दिवसांची. बाटलीवर तेवढ्या उंचीला लाल चिकटपट्टी लावलेली असते. सिरप तिथे आले की त्याच दिवशी नवी बाटली, मग सभा असो की लग्न. मात्रा घरातल्या चमच्याने मोजत नाही. सुई नसलेल्या सिरिंजने मोजतो. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर ५ मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते आधी वाचतो. आमच्या मुलाच्या सिरपमध्ये २०० आहे. तो आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सगळ्या औषधांची यादी आहे. मुलाला कुठल्याही दवाखान्यात नेले तर आधी ती दाखवतो. अशा मुलांना गिळताना ठसका लागतो, अन्न श्वासनळीत जाते आणि छातीत कफ होऊन न्यूमोनिया होतो. २०२२ मध्ये आमच्या मुलाला तसा झाला. तापाने फिट वाढतात, हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे की मेरोपेनेम नावाचे जोरदार प्रतिजैविक दिले तर रक्तातले व्हॅल्प्रोएट झपाट्याने उतरते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी यादी वाचली, मोठ्या डॉक्टरांना विचारले आणि दुसरे औषध निवडले. ती यादी तोंडी सांगायची असती तर त्या रात्री आम्हाला व्हॅल्प्रोएट हा शब्दही आठवला नसता.

मागच्या वर्षी आमच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. एका जवळच्या नातलगाने सुचवले, "तेवढा वेळ वही आत ठेवा. भाऊ फिटवाला आहे हे आधीच कशाला दाखवायचं?" आम्ही दोघे गप्प बसलो. खरे सांगायचे तर वही आत ठेवायचा विचार आमच्याही मनात आला. मुलगीच म्हणाली, "वही तिथंच राहील." भावाची फिट घड्याळ लावून मोजायला ती आठव्या वर्षापासून शिकली आहे.

जन्माच्या वेळी झालेल्या इजेतून आलेली फिट रक्तातून बहिणीकडे जात नाही. हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. कायद्यानेही एक जुनी चूक सुधारली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ साली संसदेने तो काढून टाकला. कायद्यातून गेलेला शब्द आपल्या बैठकीतून जायला मात्र वेळ लागतो आहे.

पाहुणे आले, चहा झाला. त्यांतल्या एका बाईंनी वहीबद्दल विचारले. आम्ही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. निघताना उंबऱ्याशी थांबून हळूच म्हणाल्या, "माझ्या पुतण्याला येते हो फिट. आम्ही तोंडात चमचा घालतो. चुकतं का?" सोयरीक काही जमली नाही, तिचे कारण वेगळे होते. पण त्या बाईंना उंबऱ्यात जे सांगितले तेच इथे लिहितो.

चमचा, रुमाल, बोट, काहीही तोंडात घालू नये. दात तुटतात, घसा बंद होतो. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला जाते. आधी घड्याळ बघावे. मुलाला एका कुशीवर वळवावे म्हणजे लाळ बाहेर येते. डोक्याखाली मऊ कापड द्यावे, गळ्याजवळचे बटण सोडावे, आसपासच्या टणक वस्तू सरकवाव्यात. हातपाय दाबून धरू नयेत. पाणी पाजू नये. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय घासही देऊ नये. आमच्या मुलासारख्यांना तर मुळीच नाही.

पाच मिनिटे झाली तरी फिट थांबली नाही, एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली, श्वास अडला किंवा ओठ निळे पडून राहिले, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. आमच्याकडे आता मिडॅझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे असतो. पाच मिनिटे झाली की मारायचा. किती वेळा, ते डॉक्टर वजनावरून लिहून देतात. एक घरात, एक पिशवीत. दोन्हींची मुदत कधी संपते ते वहीत आहे. हा स्प्रे मारायला शेजारच्या तीन घरांना आम्ही शिकवले आहे. २०१९ मध्ये तो घरात असता तर, हा विचार आम्ही आता रोज करत नाही, पण करतो.

खर्चाचेही सांगायला हवे. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. सेरेब्रल पाल्सी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि व्यायामोपचार हेही येतात. कागद जमवायला फेऱ्या माराव्या लागतात. फेऱ्या मारणे कारकुनाला जमते. ज्यांना जमत नाही त्यांचे अर्ज भरून देणे, हे वस्तीतल्या कार्यकर्त्यांचे कामच आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य औषध मिळाले तर शंभरांतल्या सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात. आमचा मुलगा उरलेल्या तिसांत आहे. त्याच्या फिट वहीने थांबल्या नाहीत. कमी झाल्या, छोट्या झाल्या, आणि त्या येतात तेव्हा आम्ही पूर्वीसारखे सैरावैरा धावत नाही.

सध्या वही क्रमांक सहा चालू आहे. शेवटची नोंद अशी: पहाटे ५.१०, ५० सेकंद, उजवा हात, ताप नाही, औषध वेळेवर, स्प्रे लागला नाही. त्याखाली थोरल्या मुलीच्या अक्षरात एक ओळ आहे, आजीने सांगून लिहून घेतलेली: "दुपारी चमच्याने स्वतः दोन घास खाल्ले." आजीला लिहिता येत नाही. ती म्हणाली, "अरं, वहीत नुसता आजारच का लिहायचा? लेकराचं चांगलं पण लिहा की." तेव्हापासून आम्ही तोही एक रकाना आखला आहे.

ज्यांच्या घरात असे लेकरू आहे त्यांनी एक वही आणावी आणि ती आत लपवू नये, घड्याळाखाली टांगावी. पुठ्ठ्यावर औषधांची नावे लिहावीत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यावीत. आणि वही टांगण्याआधी औषधाची बाटली उजेडात धरून पाहावी, किती दिवसांचे उरले आहे.